खांदा बदलायचा नाही

मार्तंड मास्तरांना दोन गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे आपलं नाव साक्षात खंडोबाचं आहे, आणि दुसरी म्हणजे अणदुरात चलन-कलन, म्हणजे इंग्रजीतलं कॅलक्युलस, शिकवणारा पहिला माणूस आपण आहोत. पहिल्या अभिमानात निम्मं गाव वाटेकरी होतं, कारण अणदुरात हाक मारली की दोन खंडू आणि तीन मल्हारी मागं वळून बघत. दुसऱ्या अभिमानात मात्र कोणी वाटेकरी नव्हता, आणि खरं सांगायचं तर कोणाला व्हायचंही नव्हतं.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी गावच्या हायस्कुलाला वरचा एक वर्ग जोडून मिळाला. मिळाला म्हणजे उसना मिळाला. वर्षभर चालवून दाखवा, हिवाळ्यात शिक्षण खात्याचे साहेब येऊन तपासतील, त्यांना पटलं तर वर्ग कायम, नाहीतर पोरांनी आपली सोलापूरची वाट धरावी, अशी बोली होती. हेडमास्तर बाबूराव या बोलीनं इतके धास्तावले होते की त्यांनी जून महिन्यातच भिंतींना चुना मारून घेतला आणि डिसेंबरपर्यंत कोणाला भिंतीला टेकू दिलं नाही.

वर्गात चार पोरं होती आणि एक पोरगी. पोरांची मास्तरांना फिकीर नव्हती. कोणाचा मामा सोलापुरात गिरणीत होता, कोणाची आत्या. वर्ग बंद पडला असता तरी ती कुठंतरी चिकटली असती. प्रश्न होता प्रेमलाचा. प्रेमला ही मथुराबाईची धाकटी. घरची शेती बऱ्यापैकी, बाप मितभाषी, आणि घरातला शेवटचा शब्द मथुराबाईचा. तो शब्द तिनं जूनमध्येच शाळेच्या पायरीवर उभं राहून देऊन टाकला होता.

"अणदुरात शिकवा मास्तर, कितीबी शिकवा. म्या न्हाय म्हणणार न्हाय. पर गावाबाहेर पोर धाडणार न्हाय. डोळ्याआड गेलेल्या म्हशीची चिंता लागती, मग ही तर पोटची पोर हाय."

मथुराबाई वाईट नव्हती. तिचं म्हणणं वेशीपाशी येऊन थांबत होतं, एवढंच. म्हणून वर्ग टिकला तर प्रेमला शिकणार, आणि वर्ग गेला तर फळ्यापुढनं उठून चुलीपुढं बसणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फळ्यावर खडू धरून उभी राहिली की ती पोर अशी हसायची, की जणू कोणी तिला जत्रेत नेलंय. असा चेहरा मास्तरांनी दहा वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता. तो चेहरा चुलीपुढं जावा हे त्यांना सोसणारं नव्हतं.

आता मास्तरांच्या विद्येबद्दल. ते शिकले हैदराबादेत, निजामाच्या राज्यात, आणि तिथं गणितसुद्धा उर्दूत होतं. डिफरन्सिएशनला नवी मराठी पुस्तकं विकलन म्हणत आणि त्याच्या उलट्या क्रियेला संकलन; त्या संकलनाला मास्तरांचे उस्ताद तकमुल म्हणायचे. दोन फलांच्या, म्हणजे एक्स किंवा साइन एक्स अशा राशींच्या, गुणाकाराचं संकलन करायची जी रीत आहे तिला मराठीत खंडशः संकलन म्हणतात, उर्दूत तकमुल बिल हिसस, आणि इंग्रजीत आणखी काही. मास्तर तिन्ही नावं एका दमात घेत, म्हणजे कुठल्याही परीक्षकाची तक्रार नको. मुलांना तिन्ही नावं सारखीच परकी वाटत. सुरुवातीचे पंधरा दिवस वर्गात नुसती भीती होती. संकलन येतं, गुणाकार येतो, पण गुणाकाराचं संकलन म्हटलं की चारही पोरं खिडकीतनं बाहेर बघायला लागत.

मग एका सकाळी मास्तरांना खंडोबा आठवला.

अणदूरचा खंडोबा आणि नळदुर्गचा खंडोबा हे काही दोन देव नव्हेत. देव एक, देवळं दोन. वर्षातले बरेच महिने देव अणदुरात राहतो, मार्गशीर्षात नळदुर्गला जातो, तिथली पौषातली यात्रा झाली की परत अणदूरला येतो. न्यायला नळदुर्गचे मानकरी येतात आणि परत देण्याचा करार करून देव नेतात. आणायला अणदूरचे मानकरी जातात. म्हणजे जाताना अणदूर देणारं आणि नळदुर्ग घेणारं, येताना नळदुर्ग देणारं आणि अणदूर घेणारं. हे तिथल्या पोराला पाटी हातात घेण्याआधी कळतं.

मास्तरांनी फळ्यावर दोन देवळं काढली आणि म्हणाले, "गुणाकारात दोघं असत्यात. एक देणारा, एक घेणारा. देणाऱ्याचं विकलन करा, त्याचं काहीतरी कमी हुतं. घेणाऱ्याचं संकलन करा, त्याच्यात भर पडती. देणारा कोण करायचा? ज्याच्याकडचं लवकर सरतं तो. ह्यो एक्स बघा. एकदा दिलं की त्याचा नुसता एक उरतो, पुढं द्यायला काय न्हाय. गणित खलास."

पोरांनी खिडकीकडनं माना वळवल्या. आठवड्याभरात पाचही जण गुणाकारांना देणं-घेणं करायला लावू लागले. कोण लॉगला देणारा करी, कोण एक्सच्या वर्गाला दोनदा द्यायला लावी. मास्तर इतके खूश झाले की त्यांनी गोष्टीला आणखी एक शेपूट जोडलं. "आन् परतीला अदलाबदल. देणारा तो घेणारा, घेणारा तो देणारा." गणितात याची तेव्हा काही गरज नव्हती. पण देवाच्या बाबतीत ते खरं होतं, म्हणून बोलून गेले. पोरांनी मात्र ते वाक्य मनात पक्कं धरलं.

मास्तरांचा आणखी एक हट्ट होता. संकलनाच्या प्रत्येक उत्तराशेवटी 'अधिक सी' लिहायचं असतं, कारण कुठला तरी एक स्थिर आकडा विकलनात पुसून गेलेला असू शकतो आणि तो किती ते आपल्याला ठाऊक नसतं. पोरं ते हमखास विसरत. विसरलं की मास्तर अर्धा गुण कापत आणि तसं उत्तराखाली लिहितही. "अर्धा गुण कापला" हे वाक्य त्या वर्गात इतकं झालं होतं, की घरी भाजीत मीठ कमी पडलं तरी पोरं आईचा अर्धा गुण कापत आणि धपाटा खात.

साहेबांची तारीख आली ती नेमकी देव जायच्या दिवसाची. बाबूरावांनी तारीख बदलून मागितली, ती मिळाली नाही. सकाळपासून गावात हलगी वाजत होती, नळदुर्गची माणसं फेटे बांधून आली होती, आणि चुन्याच्या भिंती सांभाळत बाबूराव दारात उभे होते.

वसंतराव साहेब पुण्याकडचे. उंच, सडपातळ, बोलणं मोजकं. ते स्वतः गणिताचे होते हे कळल्यावर बाबूरावांना धीर आला आणि मास्तरांचा धीर गेला. साहेबांनी चारही पोरांना सोपं सोपं विचारलं, मग प्रेमलाला फळ्याशी बोलावून एक्स आणि साइन एक्स यांच्या गुणाकाराचं संकलन दिलं. तिनं एक्सला देणारा केलं, चार ओळींत उत्तर काढलं आणि शेवटी ठसठशीत 'अधिक सी' लिहिलं.

"हे सी कशाला?" साहेबांनी विचारलं.

"विकलनात पुसून गेलेला आकडा असंल तर त्याची जागा ठेवायची," प्रेमला म्हणाली. मग जरा थांबून तिनं खरं कारण सांगितलं. "आन् न लिवलं तर मास्तर अर्धा गुण कापत्यात."

साहेबांच्या ओठांचा एक कोपरा हलला. मास्तरांनी मनातल्या मनात खंडोबाला नारळ कबूल केला. इथंच साहेब थांबले असते तर ही गोष्ट सांगायची गरज नव्हती. पण चांगला विद्यार्थी दिसला की गणितवाल्या माणसाला राहवत नाही. साहेबांनी स्वतः खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं: ई चा एक्स घात, गुणिले साइन एक्स.

मास्तरांनी हातातला खडू खिशात टाकला. हा प्रकार त्यांनी यात्रेनंतर शिकवायचा म्हणून ठेवला होता. या गुणाकारात कोणाकडचंच काही सरत नाही. साइननं दिलं की त्याचा कोसाइन होतो, कोसाइननं दिलं की पुन्हा साइन. आणि ई तर कितीही द्या, कितीही घ्या, जसाच्या तसा राहतो. हैदराबादेत त्यांनी हे एकदा सोडवलं होतं. नंतरची दहा वर्षं व्याज, हौद आणि शेताची क्षेत्रफळं यांत गेली, आणि ते एकदाचं सोडवलेलं कुठं गेलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

प्रेमला मात्र बिलकूल घाबरली नाही. तिनं साइनला देणारा केलं, ई ला घेणारा. एक पद बाहेर पडलं आणि आत ई आणि कोसाइन यांचा नवा गुणाकार उरला. ती क्षणभर थांबली. मग तिचा चेहरा उजळला, कारण तिला मास्तरांचं वाक्य आठवलं. परतीला अदलाबदल. तिनं ई ला देणारा केलं आणि कोसाइनला घेणारा. झरझर ओळी उतरल्या, अधिकचं एक पद आणि उण्याचं तेच पद एकमेकांना भेटून नाहीशी झाली, आणि फळ्यावर डाव्या बाजूला जे गणित होतं तेच उजव्या बाजूला येऊन बसलं. दुसरं काही उरलं नाही.

प्रेमलानं खडू ठेवला. "साहेब, देव घरी आला."

मागच्या बाकावरचा एक जण "येळकोट" म्हणायला लागला आणि निम्म्यात गप्प झाला.

"कोणता देव?" साहेबांनी विचारलं.

मग प्रेमलानं मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं. दोन देवळं, देणारा, घेणारा, परतीची अदलाबदल. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "मुली," ते म्हणाले, "मी विचारलं या पोत्यात धान्य किती, आणि तू सांगितलंस की या पोत्यात या पोत्याएवढं धान्य आहे. यात खोटं काही नाही. पण मला कळलं काय?" मग ते मास्तरांकडे वळले. "मास्तर, तुम्ही सांगा. चूक कुठं आहे?"

मास्तर फळ्यापाशी गेले. पहिली ओळ बरोबर होती. दुसरी बरोबर होती. चिन्हं बरोबर, पदं बरोबर. त्यांनी वरून खाली पाहिलं, मग खालून वर पाहिलं. चूक कुठल्याच ओळीत नव्हती आणि तरी गणित सुटलं नव्हतं. बाहेर हलगी वाजत होती, आणि मास्तरांच्या डोक्यात पालखी नुसती जात होती आणि येत होती. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा ते तसेच उभे होते.

"गोष्ट चांगली आहे," साहेब उठताना म्हणाले, "पण तुमचं गणित गोष्टीच्या मागं मागं चालतंय. वरच्या वर्गाला हे पुरणार नाही. मला तसं कळवावं लागेल."

आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. पोरांना अर्थ उशिरा कळला, प्रेमलाला लगेच कळला. तिनं फळा पुसायला फडकं उचललं आणि पुसलाच नाही. हे सगळं तिनं मास्तरांच्या शिकवण्याप्रमाणं केलं होतं, जसंच्या तसं केलं होतं, याची त्यांना इतकी लाज वाटली की त्यांना तिच्याकडे बघवेना.

साहेबांना तुळजापूरची गाडी गाठून द्यायचं काम बाबूरावांनी मास्तरांवरच टाकलं. उन्हं कलली होती. रस्त्यावर एस.टी. उभी होती आणि ड्रायव्हर ईरण्णा स्टिअरिंगवर हात टाकून निवांत बसला होता. गाडी जायची नळदुर्गावरनंच, आणि त्याच रस्त्यानं आता पालखी निघाली होती. पुढं सगळा रस्ता माणसांनी भरलेला, वर भंडाऱ्याचा पिवळा धुरळा.

"हॉर्न वाजवा की," साहेब खिडकीतनं म्हणाले.

"देवाला कशाला हॉर्न वाजवायचा साहेब," ईरण्णा म्हणाला. "पालखी कडंला झाली की निघू. देवाला मागं टाकून म्या गाडी नेत न्हाय. आजवर नेली न्हाय."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, ईरण्णाकडे पाहिलं, आणि घड्याळ परत खिशात टाकलं. लोक गाडीवरही भंडारा उधळत होते. बघता बघता एस.टी.चा डावा पत्रा पिवळा झाला. मास्तर खिडकीखाली पिशवी धरून उभे. साहेबांना टाकून जाता येत नव्हतं.

तेवढ्यात पुढं गडबड झाली. पालखी नळदुर्गकरांच्या खांद्यावर होती, पण अणदूरच्या बलभीमला राहवेना. बलभीम म्हणजे तालमीतला गडी, देव निघाला की दर वर्षी डोळे पुसणारा. त्यानं हात जोडून, आणखी एकदा खांदा लावू द्या, म्हणून मागणं केलं. नळदुर्गचे हणमंतप्पा मानकरी भले माणूस, ते व्हय म्हणाले. बलभीम आणि त्याचे तिघे जोडीदार दांडीखाली गेले, दहा पावलं नीट चालले, आणि मग जे व्हायचं ते झालं. आयुष्यभर पालखी खांद्यावर आली की यांनी ती देवळाकडं आणली होती. पाय आपोआप वळले. पालखी वळली म्हणून हलगीवाले वळले, हलगी वळली म्हणून माणसं वळली, आणि सगळी मिरवणूक गजर करत गाडीच्या बाजूनं मागं वेशीकडं आली. जिथनं निघाली होती तिथंच येऊन उभी राहिली.

"ओ बलभीमराव," हणमंतप्पा मागनं धापा टाकत आले, "करार न्यायचा झालाय, आणायचा न्हाय."

"चुकलं वो," बलभीम म्हणाला. तो खरोखरच ओशाळला होता. "खांदा बदलला की असं हुतंय."

सगळा रस्ता हसला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मार्तंड मास्तर हसले नाहीत. ते पालखीकडे बघत उभे राहिले, आणि मग त्यांनी साहेबांची पिशवी सरळ रस्त्यावर ठेवली.

बलभीमनं एक पाऊल चुकीचं टाकलं नव्हतं. प्रत्येक पाऊल देवळाच्या रस्त्यानं अगदी बरोबर पडलं होतं. फक्त ते आधीच्या पावलांना पुसत गेलं होतं. देणारा आणि घेणारा बदलले की वाट उलटी फिरते. देवाला घरी आणायचं असतं म्हणून तर परतीला अदलाबदल करायची. पण गणिताला कुठं घरी आणायचं होतं? त्याला पुढं न्यायचं होतं. साइननं एकदा देणाऱ्याची जागा घेतली, की कोसाइन झाल्यावरही देणारा त्यानंच राहायला हवं. मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी हैदराबादेतल्या उस्तादांना रस्त्यातच सलाम केला.

"प्रेमला," त्यांनी गर्दीकडे हाक मारली. "ए प्रेमला, हिकडं ये."

प्रेमला आईजवळ उभी होती, डोळे लाल. ती आली, मागोमाग मथुराबाई आली. मास्तरांनी खिशातनं खडू काढून तिच्या हातात दिला आणि एस.टी.च्या पत्र्याकडे बोट केलं. "साहेबांचं गणित. पहिल्यापासनं. पर ध्यानात ठेव, खांदा बदलायचा न्हाय."

"ओ मास्तर, गाडी सरकारची हाय," ईरण्णा म्हणाला.

"मास्तर बी सरकारचाच हाय," मास्तर म्हणाले. "साहेब, जरा खाली उतरता का? तुमच्या खिडकीतनं दिसायचं न्हाय."

साहेब उतरले. त्यांच्या कपाळाला आठी पडली होती, पण उतरले. प्रेमलानं भंडाऱ्यावरनंच लिहायला सुरुवात केली. पहिली पायरी तीच. साइन देणारा, ई घेणारा. आत ई आणि कोसाइन उरले. इथं ती थांबली, मान वळवून तिनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी पालखीकडे बोट केलं. ती पुन्हा नळदुर्गकरांच्या खांद्यावर गेली होती आणि सुरळीत पुढं चालली होती.

प्रेमलानं कोसाइनला देणारा केलं. आणखी एक पद बाहेर पडलं, आणि आत पुन्हा मूळचं गणित येऊन बसलं. पण या वेळी त्याच्या डोक्यावर उण्याचं चिन्ह होतं. तिनं ते चिन्ह दोनदा तपासलं. मग तिला दिसलं. तिनं ते उणं गणित बरोबरच्या चिन्हावरनं उचलून डावीकडं नेलं, तिथं त्याचं अधिक झालं, आणि मूळच्या गणिताला मूळचंच गणित जोडीला मिळून दोन झाली. उजवीकडं फक्त ई, साइन आणि कोसाइन राहिले, संकलनाचं चिन्ह कुठं उरलंच नाही. दोननं भागलं की उत्तर.

"साहेब," प्रेमला म्हणाली. तिच्या हातावर खडू आणि भंडारा दोन्ही होतं. "म्या उगीच घरी आणलं हुतं. हे फुडं न्यायचं गणित हाय."

साहेब पत्र्याच्या जवळ गेले. ओळीवर ओळ बोट न लावता वाचत खाली आले. शेवटच्या ओळीशी त्यांची मान किंचित कलली, आणि काहीतरी लिहावं तसा त्यांनी प्रेमलाच्या हातातनं खडू घेतला. तेवढ्यात पुढं रस्ता मोकळा झाला, पालखी कडेला लागली, कंडक्टरनं घंटी मारली. साहेब लगबगीनं चढले. मास्तरांनी पिशवी आत सरकवली. गाडी हलली आणि वळणापलीकडं गेली, तरी वर्गाचं काय ते कळलंच नाही.

"माझा खडू घेऊन गेले," मास्तर म्हणाले.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. दुसऱ्या दिवशी ईरण्णा आला तो वेगळीच गाडी घेऊन. कालची गाडी लोहाऱ्याच्या फेरीला लावली म्हणाला. मास्तर आणि प्रेमला एकमेकांना काही न सांगता रोज गाडीच्या वेळेला रस्त्यावर यायला लागले आणि येणाऱ्या प्रत्येक एस.टी.च्या डाव्या अंगाला जाऊन बघायला लागले. आपण काय शोधतोय हे दोघांनाही नीट सांगता आलं नसतं. बाबूरावांनी भिंतींना टेकायची परवानगी देऊन टाकली, त्यावरून त्यांनी आशा सोडली हे सगळ्यांना कळलं. मथुराबाईनं तर प्रेमलाला ज्वारीच्या राखणीला जायचं का म्हणून विचारलंसुद्धा.

बाजाराच्या दिवशी मथुराबाई टोपली घेऊन रस्त्यावर उभी असताना गाडी आली. नेहमीच्या जागेच्या जरा पुढं जाऊन थांबली, आणि ईरण्णानं खिडकीतनं हाक दिली. "मास्तर, तुमचा फळा आणलाय बघा. डेपोत धुवायला काढला हुता. म्या म्हणलं, देवाचा भंडारा हाय, हात लावू नका."

मास्तर जवळजवळ पळतच गेले. प्रेमला त्यांच्या आधी पोचली होती. पत्र्यावर पिवळ्या डागांमधून तिच्या ओळी दिसत होत्या, कडेनं थोड्या पुसलेल्या, पण वाचता येत होत्या. आणि शेवटच्या ओळीच्या टोकाला एक तिरपं, रेखीव अक्षर होतं, जे तिचं नव्हतं. साहेबांनी नेलेला खडू तुळजापुरात उतरल्यावर कामाला आला होता. तिथं लिहिलं होतं 'अधिक सी', आणि त्याला गोल केला होता.

घाईत ती सी विसरली होती. आणि खांद्याच्या नादात मास्तरांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

गोलाखाली त्याच अक्षरात होतं: "अर्धा गुण कापला." त्याखाली आणखी बारीक: "वर्ग कायम व्हावा असं कळवतो आहे. गोष्टही चालू राहू द्या."

मास्तरांनी ते एकदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग ते गाडीला टेकून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"काय लिवलंय?" मथुराबाईनं विचारलं.

"साळा चालू राहणार हाय, आई," प्रेमला म्हणाली, आणि फळ्यापुढं हसायची तशी हसली.

मथुराबाईनं लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. टोपली खाली ठेवली. एस.टी.च्या पत्र्यावरचा भंडारा तिनं दोन बोटांनी घेतला, अक्षर कुठं पुसणार नाही अशा बेतानं घेतला, आणि प्रेमलाच्या कपाळाला लावला. उरलेला मास्तरांच्या कपाळाला लावला.

"फुडच्या वर्साची पुस्तकं कुठं मिळत्यात ते सांगा," ती म्हणाली. मग जरा घुटमळून तिनं विचारलं, "आन् मास्तर, त्या दिवशी तुमचं चुकलं काय हुतं वो?"

"काय न्हाय मथुराबाई," मास्तर म्हणाले. "देवाला घरी आणायची घाई झाली हुती."